पुढच्या काचेचं प्रकरण

गणपतराव रस्त्यात भेटले तर मी त्यांच्याशी बोलत नाही, अशी तक्रार त्यांनी गल्लीत चार जणांकडं केली आहे. तक्रार खरी आहे. मी बोलत नाही. का बोलत नाही ते एकदा लिहूनच ठेवतो, म्हणजे उद्या माझ्या पाठीमागं "बाबासो मधाळे गाडी घेतल्यापास्नं शेफारलाय" असं कुणी म्हणायला नको. शेफारायला गाडी शाबूत असावी लागते.

गाडी म्हणजे सेकंडहँड मारुती. दोन हजार एक साली साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला, त्याच सुमाराला घेतली. आमच्या सात पिढ्यांतली पहिली चारचाकी. आधीचा मालक पैलवान होता. माणूस सज्जन, गाडीही त्यानं जपून वापरलेली. पण पुढच्या काचेवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लाल-पिवळ्या ज्वाळांच्या अक्षरांत त्यानं लिहून घेतलं होतं, "नाद करायचा न्हाय". आता मी पाटबंधारे खात्यात हेड क्लार्क. पहिल्या दिवशी गाडी ऑफिसात नेऊन साहेबांच्या जीपशेजारी लावली, तर साहेबांनी ती अक्षरं दोनदा वाचली आणि मग माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. बावीस वर्षांच्या नोकरीत मी कुणाला "नाद करायचा न्हाय" म्हटलेलं नाही. "उद्या या" म्हटलंय, ती गोष्ट वेगळी.

तर ते स्टिकर काढायचं आणि काच स्वच्छ करायची. एवढंच काम होतं. पण त्याला तारीख होती, आणि ती तारीख माझ्या आईची होती.

आम्ही राहतो कोल्हापुरात, पण माझं आजोळ कुरुंदवाडचं. तिथल्या आमच्या गल्लीनं वर्गणी काढून, श्रमदान करून छोटा बुद्धविहार बांधला होता. रविवारी, सोळा डिसेंबरला, सकाळी अकराला उद्घाटन. फीत कापायची ती कुणा पुढाऱ्याच्या हातानं नाही, तर गल्लीच्या सगळ्यांत थोरल्या लेकीच्या हातानं, असं गल्लीनं ठरवलं. ती थोरली लेक म्हणजे माझी आई, आक्काताई. वय पंच्याहत्तर असेल, ऐंशीही असेल, कुणी लिहून ठेवलंय? पत्रिकेवर तिचं नाव छापून आलं. आईला वाचता येत नाही, म्हणून तिनं ते नातीकडून, आमच्या दीक्षाकडून, दिवसातून तीन-तीन वेळा वाचून घेतलं आणि दर वेळी "अगं, खरंच हाय का बघ की नीट" म्हणून बोट ठेवायला लावलं.

"बाबासो," आईनं मला सांगितलं, "तुझ्या गाडीतनं येतो म्हणून निरोप धाडलाय मी. म्होरल्या शिटावर बसून. समद्या गल्लीनं बघितलं पायजे, आक्का कशी आली ती."

"बघतील की."

"आनि गाडी तुझ्या नावावर झाली न्हवं? लोकाच्या नावाच्या गाडीतनं मी म्हायारला जानार न्हाय. आधीच सांगतो."

म्हणजे कामं दोन. गाडी नावावर करायची आणि काच साफ करायची. पहिलं अवघड, दुसरं सोपं, असा माझा अंदाज होता. माझे अंदाज हा आमच्या घरात चेष्टेचा विषय आहे, पण ते असो.

स्टिकर आदल्या रविवारी काढलं. कागद निघाला, गोंद राहिला. हंगामाचे दिवस, सकाळी उठावं तर अंगणात, वाळत घातलेल्या कपड्यांवर, दारातल्या तुळशीवर काजळीचे काळे कण पडलेले असतात. ते सगळे कण रात्रीत त्या गोंदावर येऊन बसले. सोमवारी सकाळी बघतो तर काचेवर "नाद करायचा न्हाय" तस्संच. आधी रंगीत होतं, आता काळ्या शाईत आलं, आणि लांबून जास्तच ठसठशीत दिसायला लागलं.

इथं गणपतराव आले. गणपतराव आमचे शेजारी, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. मलकापूरवरून रत्नागिरीला एकतीस वर्षं गाडी नेली. त्यामुळं ज्या वस्तूला चाक आहे तिच्याबद्दल आपलं मत शेवटचं, अशी त्यांची समजूत. माझ्या आजारी सायकलपासून दीक्षाच्या शिलाई मशीनपर्यंत त्यांनी मत दिलेलं आहे.

"रॉकेल लावा मधाळे. गोंदाचा बाप निघतोय."

रॉकेल लावलं. गोंद निघाला, कबूल करतो. पण काचेवर तेलकट थर पसरला, आणि त्यातून समोरचा दिव्याचा खांब बघितला की एकाचे चार दिसायचे.

"मग आता तंबाखू लावा," गणपतराव म्हणाले.

"तंबाखू? काचेला?"

"मग काय मला? अवो, आंबा घाटात धो-धो पाऊस, वायपर बंद पडल्याला. चिमूटभर तंबाखू काचंवर चोळली की पानी थांबत न्हाय काचंवर. एकतीस वर्सांत एक अपघात न्हाय आपला! तेल-बिल काय ठेवत न्हाय ती."

बाहेर डिसेंबर, आकाशात ढग औषधाला नाही. पावसाचा उपाय कोरड्या दिवसांत कशाला, हे विचारायचं मला सुचलं नाही. माणूस एकतीस वर्षं म्हणायला लागला की समोरच्याची अक्कल आपोआप बसते. त्यांनी स्वतःच्या डबीतली तंबाखू काढली, ओली केली, आणि माझ्या काचेवर तब्येतीनं चोळली. तेल आणि तंबाखू यांचं जे काही झालं ते पिवळट-तपकिरी होतं. वर त्यांनी वायपर सुरू करायला लावला. त्यानं ते अर्धगोलात व्यवस्थित पसरवून दिलं. "वाळू दे," असं म्हणून गणपतराव जेवायला गेले. मी ऑफिसला स्कूटरनं गेलो.

आता पुढचं सांगताना मला जरा जपून सांगावं लागेल.

मंगळवारी पहाटे खस्स-खस्स आवाजानं मला जाग आली. बाहेर येऊन बघतो तर आई पाटावर उभी. एका हातात काथ्या, दुसऱ्या हातात बंबातली राख. मांडी घालून पितळी घागर घासावी त्या निगुतीनं ती माझ्या गाडीची काच घासत होती. हात कोपरापर्यंत काळे.

"आई! काय करायलाईस?"

"तुमास्नी दोन दिस जमंना झालंय. म्हटलं, आपुनच बघावं. तांब्या-पितळं लखलखतंय राखंनं, ही काच कशी निघत न्हाय?" तिनं पदरानं कपाळ पुसलं, वर बालदीभर पाणी ओतलं आणि बाजूला झाली. "बघ बरं, झाली का न्हाय?"

काच झाली होती. खरंच झाली होती. तेल नाही, तंबाखू नाही, गोंद नाही. मला भरून आलं. तेवढ्यात पलीकडच्या छपरावरून ऊन आलं आणि काचेवर पडलं. अरे देवा, म्हणायची आमच्याकडं पद्धत नाही, पण म्हटलं. गोल-गोल, बारीक-बारीक, हजारो ओरखडे. काचेतून रस्ता बघायचा म्हणजे धुक्यातून बघितल्यासारखं.

"झाली का न्हाय चकचकीत?" आईनं परत विचारलं.

आता सांगा, काय बोलणार? बाहेरच्या माणसानं केलं असतं तर गल्ली गोळा केली असती. मी म्हटलं, "झाली आई. एक नंबर झाली." ती काळे हात धुवायला आत गेली, आणि जाताना गणपतरावांच्या दाराकडं बघून मोठ्यांदा म्हणाली, "ड्रायवर हायत म्हणं!"

म्हणजे आता आईला कळू न देता ओरखडे घालवायचे. उद्यमनगरात आकाराम म्हणून काचवाला आहे. त्यानं काच बघितली, बोट फिरवलं, आणि विचारलं, "पावणं, भांडी घासलीसा काय हिच्यावर?" मी उत्तर दिलं नाही. प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायला मी काय ऑफिसात बसलोय?

"फिल्म मारू," आकाराम म्हणाला. "ओरखडे दिसायचं बंद. ऊन लागत न्हाय. खडा उडून बसला तरी काच धरून ठिवतीया. काचंचं आयुष्य वाढतंय बगा."

काचेचं आयुष्य वाढतंय हे ऐकून मी हो म्हटलं. त्यानं काळी फिल्म मारली. ओरखडे दिसायचे बंद झाले हे खरं. रस्ताही दिसायचा बंद झाला. उद्यमनगरातून घरी येईपर्यंत मी मान खिडकीबाहेर काढून गाडी चालवली, आणि वाटेत भेटलेल्या ओळखीच्या तिघांना वाटलं, मी त्यांना बघून मान हलवतोय. तिघांनीही हात केला.

आईनं गाडीला एक फेरी मारली. पुढं उभी राहून काचेत बघितलं. तिला तिचंच तोंड दिसलं.

"बाबासो, मी आत बसल्यावर ह्यातनं कुनाला दिसनार?"

"तुला आतनं सगळं दिसेल की."

"मला काय बघायचंय? रस्ता मी उभ्या जन्मात बघितलाय." आणि मग हळू आवाजात, "मी दिसाय पायजे की रं."

गुरुवारी गाडी नावावर करायला गेलो. कुठल्या कचेरीत ते सांगत नाही. मलाही नोकरी आहे. तिथल्या साहेबांनी कागद बघितले. कागद निर्दोष होते, कारण ते मी भरले होते. मग त्यांनी मान वर करून गाडी बघितली, आणि लाल शाईचं पेन उघडलं. त्या पेनचा आवाज मी ओळखतो. शेरा पडला: "समोरील काचेवरील आवरण काढून वाहन पुनश्च सादर करावे."

"साहेब, रविवारी आईचा कार्यक्रम आहे."

"शनिवारी अकराच्या आत या."

"आत्ता काढून आणतो की. तासाभरात—"

"शनिवारी या."

बावीस वर्षं ज्या सुरात मी लोकांना "उद्या या" म्हणत आलो, अगदी तोच सूर. इतका अपमानकारक असतो हे मला माहीत नव्हतं. कुणी सांगितलंही नव्हतं. लोक नुसतेच जायचे.

फिल्म काढायला आकारामकडं गेलो तर दुकानाला कुलूप, दारावर खडूनं लिहिलेलं: "कबनूरला पावण्यांकडं. सोमवारी येणार." शुक्रवारी नखानं, पट्टीनं, दीक्षाच्या कंपासमधल्या कर्कटकानं प्रयत्न केला. आमची सौ. दारात उभी राहून म्हणाली, "अहो, एसटीनं जाऊया की सरळ. कुरुंदवाड गाडी आहे साडेसातची." बोलणं शहाणपणाचं होतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. आतून आईचा आवाज, "येष्टीनं मी न्हाय! येष्टीनं उतरलो तर कुनी बघितलंबी न्हाय मला आजपातूर!"

शनिवारी पहाटे सहा वाजता मी परत काचेशी झटत होतो. कडाक्याची थंडी. आणि गणपतराव मफलर गुंडाळून आले.

"नखानं काय काढताय? कडकडीत पानी वता. फिल्म हुबी सोलून येतीय बघा केळासारखी."

मी त्यांच्याकडं बघितलं. रॉकेल आठवलं, तंबाखू आठवली. तरीसुद्धा मी आत जाऊन बंबातलं कडकडीत पाणी बादलीभर काढलं आणि ओतलं. यात माझी चूक आहे, हे मला सौ.नं सांगितलं, दीक्षानं सांगितलं, आणि ऑफिसातल्या शिपायानंसुद्धा सांगितलं. मान्य आहे. पण सल्ला कुणाचा?

खट्ट. एवढाच आवाज. काच जागच्या जागी. फक्त ती सगळी पांढरी झाली, रवाळ, खडीसाखरेसारखी. गणपतरावांनी पुढं होऊन फिल्मचा कोपरा धरला आणि ओढला. फिल्म निघाली. काच घेऊनच निघाली. सगळीच्या सगळी घडी होऊन बॉनेटवर आली, आणि समोर भोक.

"बघा," गणपतराव म्हणाले, "निघाली का न्हाय?"

त्या क्षणापासून मी त्यांच्याशी बोललेलो नाही.

साडेदहाला मी तशीच गाडी कचेरीत नेली. डोळ्यांतून पाणी, थोडं वाऱ्यानं, थोडं स्वतःचं. साहेबांनी कागद काढला, शेरा वाचला, गाडीकडं बघितलं.

"आवरण काढलं?"

"काढलं."

"काही शिल्लक?"

"काही नाही."

त्यांनी भोकातून आरपार पलीकडची चिंच बघितली, मग शेऱ्याकडं बघितलं. शेऱ्यात आवरण होतं. काचेबद्दल शेरा नव्हता. "पूर्तता झाली," असं लिहून त्यांनी सही केली. मी हेड क्लार्क आहे, मला हे समजतं. म्हणूनच आणखी संताप येतो. गाडी माझ्या नावावर झाली, आणि त्या वेळी त्या गाडीला पुढची काच नव्हती, हे सरकारदरबारी कुठंही लिहिलेलं नाही. नवी काच पुण्याहून मागवायची, बुधवारच्या आत नाही.

घरी आल्यावर आईनं एकच विचारलं. "झाली नावावर?"

"झाली. पण आई, काच..."

"काच बघितली मी. न्हाय ती." आई म्हणाली. "शीट तर हाय न्हवं?"

रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही निघालो. मी स्कूटरचं हेल्मेट घालून, काच खाली ओढून, दोन्ही हातांत स्टिअरिंग घट्ट धरून. शेजारी आई, नवं पांढरं लुगडं, वर माझी शाल, डोळ्यांवर दीक्षाचा काळा गॉगल. मागं सौ. आणि दीक्षा, तोंडाला ओढण्या बांधून, एकमेकींशीसुद्धा न बोलता. गणपतराव गल्लीच्या तोंडाशी उभे होते. त्यांनी हात केला. मी हेल्मेटमधून सरळ समोर बघत राहिलो.

वाऱ्याचं काय वर्णन करू? थंडी शर्टातून आत शिरून पाठीमागून बाहेर जात होती. उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलो तर पाचटाची पाती थेट मांडीवर. एक चिलट हेल्मेटच्या आत गेलं आणि कबनूरपर्यंत आतच राहिलं. कबनूरला यंत्रमागांची घरं लागली तसा कापसाचा भुगा उडून आमच्यावर बसला. आईच्या भुवया पांढऱ्याच होत्या, माझ्याही झाल्या. त्याच्या पुढं चौकात हवालदारानं शिट्टी मारली. झालं, म्हटलं, अब्रू गेली.

तो जवळ आला. माझं हेल्मेट बघितलं, आईचा गॉगल बघितला. मग हात पुढं करून जिथं काच असायला पाहिजे तिथून सरळ आत घातला, खात्री करायला.

"पावणं, काच कुठाय?"

"फुटली. कागद आहेत. कालच नावावर झालीय."

"काळी काच असती तर दंड केला असता," तो विचार करत म्हणाला. "हितं काचच न्हाय. काय लिवू?" मग आईला विचारलं, "आजी, कुठं निघालाईसा अशा?"

"कुरुंदवाडला. विहार उघडाय. माझ्या हातानं हाय," आई म्हणाली. "ही गाडी माझ्या लेकाची."

हवालदारानं तिच्याकडं बघितलं, मग ट्रॅफिक थांबवलं आणि आम्हाला आधी जाऊ दिलं. मी आभार मानले नाहीत. हेल्मेटमधून ऐकू गेलं नसतं.

कुरुंदवाडात गल्लीच्या तोंडाशी कमान. निळे झेंडे, पांढऱ्या साड्यांतल्या बायका दोन्ही बाजूंनी, पोरं, बँड. मी मनात तयारी करून आलो होतो: उतरल्या-उतरल्या सगळ्यांना सांगायचं, काच काल फुटली, बुधवारी येणार, गाडी चांगली आहे, माणूस निष्काळजी नाही. वाक्यं पाठ होती. गाडी हळू आत घेतली आणि हेल्मेट काढलं, तेवढ्यात लाऊडस्पीकरवरून आवाज आला:

"आपल्या गल्लीची थोरली लेक आक्काताई यांचं, कोल्हापूरहून खास उघड्या गाडीतून आगमन होत आहे!"

"उघडी नाही!" मी सीटवरून अर्धा उठलो. "काच फुटली..."

आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला. "गप बस."

"अगं, पण खोटं..."

"बाबासो, गप बस की रं."

गप बसलो. तिनं गॉगल काढला. ओट्यावरून एक म्हातारी, वाकून दुमडलेली, काठी टाकून ओरडली, "आक्के! अगं आक्के! बघा की, ही आक्काच!" ती तानाबाई, आईची लहानपणची जोडीदारीण. आई गाडीतनंच ओरडली, "ताने! जित्ती हाईस व्हय अजून!" आणि गल्ली हसली. फुलं पडायला लागली. काचेवर नाही, थेट तिच्या मांडीत, केसांत. एका उंच पोरीनं बॉनेटवरून वाकून हार सरळ तिच्या गळ्यात घातला. दोन्ही बाजूंनी बायका चालत होत्या आणि "जय भीम आक्का" म्हणत होत्या, आणि आई एकेकीच्या तोंडाकडं बघून एकेकीचं नाव घेत होती. गाडी मी पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीनं, विहारापर्यंत नेली. शंभर पावलं असतील. तेवढ्यात माझं नाक वाहायला लागलं. थंडी होतीच सकाळपासून.

दुपारी परत निघालो. हार आईच्या गळ्यात तसाच. शिरोळ मागं पडल्यावर म्हणाली, "ह्या रस्त्यानं मी डोक्यावर भारा घिऊन किती येळा गेलतो, म्हाईत हाय? तवा मान खाली असायची. कुनी माझ्या तोंडाकडं बघितलं न्हाय कदी. माझं तोंड कसं हाय ती कुनाला म्हाईतच न्हवतं."

गाडी कडेला घेतली. मी हेल्मेट घातलं.

बुधवारी पुण्याहून काच आली. आकारामनं बसवली. डाग नाही, ओरखडा नाही, समोर काही आहे की नाही हे बोट लावल्याशिवाय कळू नये अशी. आठवडाभर मी याचसाठी झिजलो होतो. संध्याकाळी आईला बाहेर बोलावलं, पुढच्या सीटवर बसवलं, दार लावलं. तिनं काचेतून समोर बघितलं. बोटानं टक्-टक् वाजवून बघितलं.

"चांगली हाय," ती म्हणाली.

मी गाडी सुरू केली.

"बाबासो, ही बाजूची तेवढी खाली घे. आनि सावकास चालीव, मानसं बघत्यात."